रामकिशन मिस्त्रीची शाल

नायगावच्या बाहेर, नांदेड रस्त्याला लागून चंद्रप्पा आप्पांची डाळमिल आहे. तिथं रामकिशन मिस्त्री एकतीस वर्षं तुरीचं टरफल काढत होता. म्हणजे काढायचं मशीनच, पण मशीन कुठं संपतं आणि रामकिशन कुठं सुरू होतो हे बघायची गरज आजवर कुणाला पडली नव्हती. तूर रोलरवर घासली, टरफल निघालं, की आत जो पिवळा अखंड दाणा राहतो त्याला गोटा म्हणतात. गोटा नीट निघाला तर त्याची डाळ होते. फुटला तर त्याची चुनी होते, आणि चुनी म्हशी खातात. तालुक्यातल्या म्हशी उपाशी राहाव्यात हेच रामकिशनच्या आयुष्याचं ध्येय होतं म्हटलं तरी चालेल.

हा माणूस काम कानानं करायचा. रोलरपाशी मान वाकडी करून उभा राहायचा आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणायचा, "कोरडी चालून राहिली. पाणी लाव." मग एक दाणा दाताखाली धरून कटकन फोडायचा आणि मान हलवायचा. ती मान उभी हलली की पोती भरायची, आडवी हलली की सगळा माल परत वाळवणाला जायचा. वय छप्पन्न, अंग वाळलेलं, आणि लग्नात लागली नसेल एवढी डाळीच्या धुळीची हळद रोज भुवयांवर. बोलणं कमी. घरी तर त्याहून कमी.

आप्पांची माणसं सांभाळायची रीत एकदम सोपी होती. चुकलं की ओरडायचं, आणि नाही चुकलं तर जिथं चुकलं असेल तिथं ओरडायला जायचं. एकतीस वर्षांत त्यांनी रामकिशनचं कधी कौतुक केलं नव्हतं आणि रामकिशननं कधी त्याची वाट पाहिली नव्हती. दोघांचं उत्तम चाललं होतं.

मग आप्पांच्या घरात मंजुषा सून म्हणून आली. माहेर लातूरचं, शिक्षण नांदेडचं. एमबीए, आणि तेही माणसं सांभाळायच्या विषयात. एवढी शिकलेली पोरगी घरात नुसती बसवणार का? दिवाळीनंतर तिनं मिलच्या ऑफिसात टेबल मांडलं आणि भिंतीवर एक त्रिकोण चिकटवला. त्रिकोणाला पाच मजले. तळाला पोटापाण्याची गरज, त्यावर सुरक्षितपणाची, त्यावर आपल्या माणसांची, त्यावर मानाची, आणि अगदी टोकावर जे काही होतं ते तिनं आप्पांना तीनदा समजावून सांगितलं. आप्पा म्हणाले, "वरलं राहू दे पोरी. खालचं बघ आधी."

पुस्तकात आणखी एक सिद्धांत होता. पगार नाही दिला तर माणूस नाराज होतो, पण दिला म्हणून तो खूश होतो असं नाही. खूश तो कौतुकानं होतो. यातलं पगारानं माणूस खूश होत नाही एवढंच आप्पांना फार आवडलं आणि ते चार दिवस येईल त्याला ते सांगत राहिले.

पण मंजुषा कामाची होती, नावं ठेवायला जागा नाही. तिनं धुळीसाठी मास्क आणले. पट्ट्यांवर जाळी बसवून घेतली. डाळ निवडणाऱ्या बायका आणि हमाल वेगवेगळ्या कोपऱ्यांत चहा प्यायचे, त्यांना एका सतरंजीवर आणलं. असे खालचे तीन मजले भरत आले. चौथा, मानाचा, तेवढा रिकामा होता. तो भरायला आधी माणूस शोधायला हवा, म्हणून तिनं मूल्यमापनाचे फॉर्म वाटले.

फॉर्ममध्ये एक रकाना होता, 'स्वतःच्या उणिवा'. रामकिशननं फॉर्म घरी नेला आणि संध्याकाळी चुलीपाशी बसून बायकोला विचारलं, "उणिवा म्हंजे काय लिवायचं ग?"

"खोड्या," कस्तुराबाई म्हणाली. तिनं पीठ मळायचं थांबवलं, हात धुतले आणि नीट मांडी घालून बसली. चौतीस वर्षांत तिला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. "लिवा. एक. जेवताना भाजी कशी झाली ते सांगत न्हाई. दोन. पाहुणे आले की उठून गोठ्याकडं जातो."

रामकिशन सरळ माणूस. मालकांनी मागितलंय म्हटल्यावर त्यानं एकही शब्द गाळला नाही. रकाना संपला, समास संपला, मग वहीची दोन पानं फाडून टाचणीनं जोडली. एकूण तेवीस भरल्या. कस्तुराबाईला त्या रात्री फार शांत झोप लागली.

मंजुषानं जोडलेली पानं पाहिली, पण पुस्तकात जोडपानांना गुण नव्हते. तिनं ती तशीच फाइलला लावली. रामकिशनला शंभरात चौऱ्याण्णव पडले. मिलमध्ये पहिला.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर सत्कार ठरला. मंजुषानं कशातच कसूर ठेवली नाही, आणि घोटाळा झाला तो त्यामुळंच. बाजारात सत्काराचं म्हणून जे जे मिळतं ते सगळं तिनं आणलं. शाल, नारळ, फेटा, भिंतीवरचं मोठं घड्याळ. घरच्या माणसांनाही सहभागी करून घ्यावं असं पुस्तकात होतं, म्हणून कस्तुराबाईला बोलावून तिची ओटी भरली.

आता रामकिशनच्या बाजूनं बघा. त्या मिलमध्ये शाल आणि नारळ त्यानं आजवर दोघांनाच मिळताना पाहिला होता. एक मुनीम मन्मथ आणि दुसरा म्हातारा चौकीदार. दोघांच्याही बायकांना बोलावलं होतं. दोघांनाही घड्याळ दिलं होतं. आणि दोघंही दुसऱ्या दिवसापासून मिलमध्ये दिसले नव्हते.

तरी त्याला शंका नसती आली, पण आप्पा बोलायला उभे राहिले. आप्पांना भाषण एकच येत होतं. मुनिमाच्या निरोपाला त्यांनी ते कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं, चौकीदाराला तेच वापरलं होतं, आणि आता नाव बदलून तेच सुरू केलं. "रामकिशननं या मिलची एकतीस वर्षं इमानदारीनं सेवा केली. त्याच्या कानाला अख्ख्या तालुक्यात तोड न्हाई. त्याची उणीव आपल्याला कायम भासत राहील. आता त्यानं आराम करावा, तब्येतीला जपावं. त्याचं पुढलं आयुष्य सुखाचं जावो." आप्पांचं स्वतःच्या बोलण्याकडं लक्ष नव्हतं, कारण ते पाठ होतं. मंजुषा त्या वेळी फोटो काढणाऱ्याला उजेड कुठून येतो ते सांगत होती.

टाळ्या झाल्या. निवडणाऱ्या बायकांनी डोळ्याला पदर लावला. हमालांनी गळाभेट घेतली. रामकिशन फेट्याखाली पांढरा पडून उभा होता, आणि मंजुषाला वाटलं, माणूस भारावला.

घरी येताना ऑटोत कस्तुराबाईनं हळूच विचारलं, "काढलं का ओ तुमाला?"

"हाव."

"कोण म्हणलं तसं?"

"म्हणायला कशाला पायजे? घड्याळ दिलं की."

कस्तुराबाईनं मांडीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. मग ते पदराखाली झाकून घेतलं. उरलीसुरली शंका शेजारच्या भागवत गुरुजींनी मिटवली. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते आणि गावात या विषयातले एकटेच जाणकार होते. त्यांनी शाल उलटून पाहिली, घड्याळ हातात तोलून पाहिलं, भाषण शब्दाशब्दानं म्हणून घेतलं आणि निकाल दिला. "सेवापूर्ती. शंकाच न्हाई. माझ्या वक्ताला तर घड्याळ ह्याच्यापेक्षा बारीक व्हतं."

दुसऱ्या दिवशी पहाटे कस्तुराबाई सवयीनं उठली, दोन भाकरी थापल्या, ठेचा घातला, डबा भरून दारापाशी ठेवला. रामकिशन सवयीनं चप्पल घालून दारापाशी आला. मग दोघंही त्या डब्याकडं बघत उभे राहिले. शेवटी तो परत आत आला, खाली बसला आणि आठ वाजता डब्यातूनच जेवला. जेवून झाल्यावर त्यानं भिंतीवरच्या नव्या घड्याळात पाहिलं. सव्वाआठ झाले होते. पुढं दिवस तसाच पडला होता.

त्यानं चार दिवसांत घर बेजार केलं. मिक्सर ऐकून म्हणाला बेअरिंग गेलंय. खोलला, आणि मग ते खरंच गेलं. कस्तुराबाईनं डाळ शिजत टाकली की आधी चार दाणे चावून बघायचा आणि म्हणायचा, "ही कुण्या मिलची घिऊन आलीस?" गावातल्या पिठाच्या गिरणीपाशी जाऊन मान वाकडी करून उभा राहिला, तर गिरणीवाल्यानं हात जोडले. गुरुजी मात्र जाम खूश होते. चार वर्षं ते निंबाखाली एकटे बसत होते. आता ते रामकिशनला पहाटे फिरायला नेत, गोळ्या कोणत्या वेळी घ्यायच्या ते सांगत. रामकिशनला गोळ्या नव्हत्या, तर म्हणाले, "व्हतील. घाई करू नका."

रामकिशनला फार लागलं होतं. काम गेलं याचं तर होतंच. हात रिकामे राहिले की माणसाला स्वतःचेच हात परक्याचे वाटतात. पण त्याहून जास्त लागलं होतं ते दुसरंच. एकतीस वर्षांत आप्पांच्या तोंडून एक चांगला शब्द आला, त्या कानाचा, आणि तो घरी पाठवायच्या दिवशी आला. तो खरा होता की निरोपाला नारळ देतात तसा तोही दिला होता? एवढं एक कळलं असतं तर त्यानं आराम पण केला असता. पण विचारायचं कुणाला? तिसऱ्या दिवशी मंजुषाचा फोन आला, तर त्यानं फोन पालथा घालून ठेवला. कुठंतरी सही करायला बोलवत असतील, आणि सही झाली की संपलं, असं त्याला वाटलं.

तिकडं मिलमध्ये सगळ्यांना वाटत होतं, मिस्त्री निवृत्त झाले. असं वाटत नव्हतं फक्त आप्पांना आणि मंजुषाला. आप्पा म्हणत होते, "शाल डोक्यात गेली त्याच्या. म्हणूनच मी एकतीस वर्षं गप व्हतो. तुझा तो चौथा मजला पाड आधी."

रोलरवर दुसरा माणूस उभा केला होता. त्याची नजर चांगली होती, पण रोलरमध्ये जे होतं ते बाहेर आल्याशिवाय दिसत नाही. रोज चुनीची पोती वाढत होती. ऐन तुरीचा हंगाम, अंगणात माल पसरलेला आणि आजूबाजूच्या म्हशी जन्मात पहिल्यांदा सुखात होत्या.

मंजुषा पुस्तक काढून बसली. त्यात मालकांचे दोन प्रकार सांगितले होते. एकाला वाटतं माणूस कामचुकारच असतो, त्याच्यावर डोळा ठेवावा लागतो. दुसऱ्याला वाटतं माणसाला काम आवडतं, त्याच्यावर भरवसा टाकावा. आप्पा पहिल्यातले आणि आपण दुसऱ्यातल्या याचा तिला आजवर अभिमान होता. पाचव्या दिवशी सकाळी चुनीचा ढीग पाहून ती हळूहळू पहिल्यात सरकली आणि गैरहजेरीची नोटीस लिहायला घेतली. पत्ता बघायला रामकिशनची फाइल काढली, तर आतून टाचणी लावलेली पानं खाली पडली.

ती उचलता उचलता तिनं वाचायला सुरुवात केली. पाचव्या उणिवेला हसली. नवव्या उणिवेला तिला स्वतःचा नवरा आठवला. चौदावीला ती थांबली. रामकिशनच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: 'मनाला लागलं तर इचारत न्हाई. गप घरी येऊन बसतो. कारण सांगत न्हाई. दुसऱ्यालाच जाऊन इचारावं लागतं.'

मंजुषानं नोटीस फाडली आणि स्कूटीची किल्ली घेतली.

ती पोचली तेव्हा रामकिशन आणि गुरुजी ओसरीवर बसले होते. कस्तुराबाईनं सतरंजी टाकली, पाणी दिलं. रामकिशन अंग चोरून उभा राहिला.

"मामा, तब्येत बरी आहे ना?" मंजुषानं विचारलं.

"बरी हाय की, वैनी. आराम करून राहिलो."

"आराम? आणि फोन का उचलत नव्हता?"

"सहीला बोलवत आसाल म्हणून. येतो ना. सही करून देतो. मी काय मालकाच्या इरोधात हाव व्हय?"

"कसली सही मामा? तुम्ही दुसऱ्या मिलमध्ये जाताय का?"

हे मात्र रामकिशनला सोसलं नाही. "दुसऱ्या मिलमधी?" तो म्हणाला. "तुमी काढलं तरी मी दुसऱ्याच्या रोलरला कान लावला न्हाई, वैनी."

"कुणी काढलं तुम्हाला?"

रामकिशननं बोलायच्या ऐवजी भिंतीवरच्या घड्याळाकडं हात केला. ते काम मग गुरुजींनी हाती घेतलं. त्यांनी एकेक बोट दुमडत एकेक लक्षण सांगितलं. शाल. श्रीफळ. घड्याळ. पत्नीसह बोलावणं. 'उणीव भासत राहील.' 'पुढलं आयुष्य सुखाचं जावो.' "सहा पुरावे हायत, मॅडम. आमाला शाळेत चारावरच घरी पाठवलं."

मंजुषाला आधी काही कळेना. मग सगळं एकदम कळलं आणि तिनं कपाळाला हात लावला. "मामा, मिलमध्ये तुम्ही पहिले आला होतात. म्हणून सत्कार केला. तुम्ही आणखी जोमानं काम करावं म्हणून केला."

रामकिशननं परत एकदा घड्याळाकडं पाहिलं. "पहिला आल्यावर बी शाल देतात?"

"पुस्तकात तसंच आहे."

"मग तसं आधी सांगायचं ना वो, वैनी," कस्तुराबाई म्हणाली आणि एकदम रडायलाच लागली. "चार दिस झाले, मी ह्यांना घरात सांबाळून राहिले."

लगेच निघायचं ठरलं. पण रामकिशननं शाल कपाटावरून काढली आणि ती परत घ्या म्हणून हटून बसला. शाल घरात आहे तोवर आपण निवृत्तच आहोत असं त्याच्या मनानं घेतलं होतं. कस्तुराबाईनं शालीचं दुसरं टोक धरलं. ती म्हणाली, नोकरी पण पायजे अन् शाल पण राहील. शेवटी शालीऐवजी घड्याळ परत करायचं अशी तडजोड झाली. गुरुजींना तेवढं वाईट वाटलं. निंबाखाली ते परत एकटे झाले होते.

रामकिशन स्कूटीच्या मागं घड्याळ पोटाशी धरून बसला आणि मिलच्या फाटकातून आत आला. आप्पा अंगणातच होते. त्यांनी त्याला वरून खालून पाहिलं आणि सगळ्या मिलला ऐकू जाईल अशा आवाजात सुरू केलं. "कुठं मेला व्हतास रे पाच दिवस? नऊ पोती चुनी झाली. तुरीची माती करून ठेवली. तुझ्या घरी कंदुरीची जेवणावळ व्हती का काय?"

रामकिशनच्या खांद्यांतला बाक निघाला. पाच दिवसांत पहिल्यांदा तो सरळ उभा राहिला. निवडणाऱ्या बायका हात थांबवून बघत होत्या आणि मंजुषा वहीत काहीतरी लिहायला गेली, पण लिहिलं नाही.

तो रोलरकडं निघाला, आणि चार पावलांवर थांबला. परत आप्पांपाशी आला. विचारायचं नाही ही त्याची आयुष्यभराची सवय होती, कस्तुराबाईनं सांगून लिहायला लावलेली. तरी त्यानं विचारलं.

"आप्पा, ते भाषण मुनिमाचं व्हतं. चौकीदाराला बी तेच केल्तं. मी दोन्ही टायमाला व्हतो."

"मग?"

"त्यात ते कानाचं नव्हतं."

आप्पांनी अंगणातल्या तुरीकडं पाहिलं, मग आभाळाकडं पाहिलं. माइक हातात नव्हता आणि पाठ केलेलंही काही शिल्लक नव्हतं.

"मुनिमाला कुठला आलाय कान," ते म्हणाले. "जा, मशीन बघ."

रामकिशन गेला. रोलरपाशी मान वाकडी करून उभा राहिला आणि खूप वेळ काही बोललाच नाही. पाणी लावायचं का म्हणून माणूस विचारत होता, तरी नाही. मशीन कोरडंच चाललं होतं. त्याला त्या वेळी ते ऐकू येत नव्हतं, एवढंच.

घड्याळ मिलच्या शेडमध्ये लागलं. शाल कस्तुराबाई पांघरते. पुढच्या वर्षी परत मूल्यमापनाचे फॉर्म आले, तेव्हा रामकिशननं उणिवांचा रकाना एकट्यानं भरला, बायकोला न विचारता. तेवीस गेल्या वर्षीच्याच होत्या. चोविसावी नवी होती: 'कौतुक झालं तर घाबरतो. करायचं आसल तर आदल्या दिशी सांगावं. डबा भरायचा का न्हाई ते कळत न्हाई.'